बिवाइचीच्या नादात हिकोने किल्ला हुकवू नका : पहिल्यांदा जाणाऱ्या सायकलवाल्यांसाठी

संध्याकाळचे चार वाजून पस्तीस मिनिटं. नोव्हेंबर. आम्ही चौघं जपानमधल्या हिकोने किल्ल्याच्या आतल्या खंदकापाशी उभे, पायात दिवसभराचं सायकलिंग, चेहरे मिठाने पांढरे, आणि तिकीट खिडकीतल्या काकूंनी कमरेतून वाकून माफी मागत दोन्ही हातांची फुली करून दाखवली. शेवटची एंट्री साडेचारला. चूक त्यांची काहीच नाही, बोर्डावर स्पष्ट लिहिलंय, आम्हीच रस्त्यात फोटो काढत आणि कॉफ्या पीत बसलो होतो. दुसऱ्या दिवशीची ट्रेन पुढे ढकलली, एक हॉटेलची रात्र वाढली, आणि सकाळी साडेआठला आम्ही पहिले आत गेलो. तो किल्ला नंतर इतका आवडला की नुकसानीचं काही वाटलं नाही, पण तुमचं ते नुकसान व्हायला नको म्हणून हे सगळं लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बिवा हा जपानमधला सगळ्यात मोठा तलाव, क्योतोच्या पलीकडे शिगा प्रांतात, साधारण ६७० चौरस किलोमीटर. त्याला सायकलवरून पूर्ण फेरी मारायची याला तिकडे बिवाइची म्हणतात. पूर्ण फेरी साधारण २०० किमी, आणि दक्षिणेचा शहरी भाग टाळून बिवाको ओहाशी पुलावरून कट मारला तर साधारण १५०. हिकोने किल्ला याच रस्त्यावर, तलावाच्या पूर्व काठाला आहे.

१. आधी खरा किल्ला कुठला ते समजून घ्या

जपानमध्ये किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तो पांढरा, थराथराचा, वळलेल्या छपरांचा मनोरा येतो. त्याला तेन्शु म्हणतात. पण त्यातले बहुतेक तेन्शु विसाव्या शतकात काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेले आहेत. ओसाकाचा प्रसिद्ध किल्ला १९३१ चा, आत लिफ्ट आहे. बिवाच्या काठावरचा नागाहामाचा १९८३ चा, आत म्युझियम. वाईट नाहीत, पण सिंहगडावर काँक्रीटचा वाडा बांधून आत लिफ्ट लावली तर तुम्हाला काय वाटेल ते वाटतं.

जुने, मूळचे लाकडी तेन्शु अख्ख्या जपानमध्ये फक्त १२ उरलेत. त्यातल्या पाचांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे : हिमेजी, मात्सुमोतो, इनुयामा, मात्सुए आणि आपला हिकोने. मेइजी काळात (१८६८ नंतर) सरकारनेच जुने किल्ले धडाधड पाडायला काढले होते, हिकोनेचाही नंबर लागला होता, पण १८७८ मध्ये मेइजी सम्राट त्या बाजूने जात असताना पाडकाम थांबवायचा हुकूम झाला आणि तो वाचला. (आपले १२ किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा मला पहिलं हेच आठवलं, कारण हिकोने बिचारा १९९२ पासून जपानच्या संभाव्य यादीत ताटकळतोय.)

सायकलच्या सुट्टीत एकच किल्ला बघायला वेळ असेल तर मूळचा बघा. हिमेजी जास्त भव्य आहे, मान्य, पण तिथे गर्दीही तशीच, आणि हिकोने तुमच्या रस्त्यातच आहे.

२. महिना कुठला

एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा किंवा मग ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. एप्रिलच्या सुरुवातीला खंदकाच्या दोन्ही काठांना साकुरा, म्हणजे चेरी, फुलतो, बघण्यासारखाच असतो, फक्त हॉटेलं महाग होतात. २९ एप्रिल ते ५ मे गोल्डन वीक असतो, तेव्हा सगळा जपान बाहेर पडतो, तो आठवडा सोडा. जून-जुलैमध्ये त्यांचा पावसाळा, ऑगस्ट म्हणजे आपल्या मे महिन्यासारखी घामाची आंघोळ, सप्टेंबरमध्ये टायफूनची भीती. हिवाळ्यात तलावाच्या उत्तर भागात चांगला बर्फ पडतो.

नोव्हेंबरला जाणार असाल तर एक लक्षात घ्या, पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्याकडे थंडीतही सहापर्यंत उजेड असतो त्या हिशोबाने दिवस आखाल तर फसाल. आम्ही तसेच फसलो.

३. व्हिसा आणि कागद

भारतीय पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसा लागतो, अर्ज व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) सेंटरमधून होतो आणि एप्रिल २०२४ पासून साध्या टुरिझमसाठी ई-व्हिसा मिळतो. यात सगळ्यात जास्त लोक अडकतात ते दोन ठिकाणी.

पहिलं, रोजचं वेळापत्रक. फॉर्मसोबत तारखेवार कुठे राहणार ते द्यावं लागतं. "सायकलवर फिरणार, जिथे संध्याकाळ होईल तिथे राहू" हे काव्य तिथे चालत नाही. प्रत्येक रात्रीचं गाव आणि हॉटेल लिहा, रद्द करता येईल असं बुकिंग करा, आणि मग शक्यतो तेच पाळा.

दुसरं, हा ई-व्हिसा एअरपोर्टवर तुमच्या फोनमध्ये ऑनलाइन उघडून दाखवायचा असतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ, प्रिंटआउट चालत नाही. म्हणजे मुंबईच्या चेक-इन काउंटरवर तुमच्या फोनला नेट पाहिजे, आणि उतरल्यावर तिकडेही पाहिजे. ई-सिम आधी टाकून ठेवा, उतरल्यावर बघू म्हणू नका.

बरोबर ठेवायची कागदं :

- पासपोर्ट (मूळ प्रत कायम अंगावर, परदेशी पाहुण्यांना ती जवळ बाळगणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे)
- ई-व्हिसाचं लॉगिन आणि परतीचं तिकीट
- हॉटेल बुकिंगं, शक्यतो जपानी पत्त्यासकट
- ट्रॅव्हल इन्शुरन्स, ज्यात तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई कव्हर असेल
- भाड्याच्या सायकलचं बुकिंग कन्फर्मेशन

इन्शुरन्सचं सहज नाही लिहिलं. शिगा प्रांतात २०१६ पासून सायकलवाल्यांना थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे. भाड्याच्या सायकलीत तो सहसा धरलेला असतो, तरी एकदा विचारून घ्या. स्वतःची सायकल नेणार असाल तर तुमची पॉलिसी उघडून ते कलम स्वतः वाचा, एजंटच्या "हो हो सगळं कव्हर आहे" वर जाऊ नका.

४. सायकल न्यायची की तिथे घ्यायची

माझं मत, पहिल्यांदा जाताय तर तिथेच घ्या. माइबारा स्टेशनला शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन थांबते, स्टेशनला लागूनच बिवाइचीसाठी सायकली भाड्याने मिळतात, रोड बाइक, क्रॉस बाइक, ई-असिस्ट सगळं. क्योतोहून जेआरच्या (जपान रेल्वे) साध्या जलद गाडीने पाऊण-एक तासात पोचता. आठवडाभर आधी उंची सेंटीमीटरमध्ये देऊन बुकिंग करा, कारण मोठ्या साइझच्या फ्रेम मोजक्याच असतात, आमच्यातला सहा फुटी मित्र चार दिवस गुडघे छातीला लावत फिरला. आपलं पेडल आणि सीट न्या, बसवून देतात, त्याने फार फरक पडतो.

स्वतःचीच सायकल न्यायची हौस असेल तर रिंको-बुकुरो हा शब्द पाठ करा. जपानी ट्रेनमध्ये सायकल नेता येते, फुकट, पण चाकं काढून ती पूर्णच्या पूर्ण पिशवीत बंद पाहिजे, पिशवीतून सीट किंवा हँडल बाहेर आलेलं चालत नाही. लांबी-रुंदी-उंचीची बेरीज २५० सेंमीच्या आत, वजन ३० किलोच्या आत. शिंकान्सेनमध्ये डब्यातल्या शेवटच्या रांगेमागे मोकळी जागा असते, ती सामानासकट बुक होणारी सीट आधीच घेऊन ठेवा, नाहीतर दारात सायकल धरून उभं राहायची वेळ येते. आणि गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळी साडेसात ते नऊ, लोकल ट्रेनमध्ये सायकल घेऊन शिरू नका. आपल्याला दादर-ठाण्याची सवय असते म्हणून आपण घुसवतो, पण ते बरं दिसत नाही.

मोठ्या बॅगांचं काय? हॉटेलच्या काउंटरवर सांगा "ताक्क्युबिन", तुमची सूटकेस पुढच्या हॉटेलला पोचती होते, साधारण दुसऱ्या दिवशी. आम्ही क्योतोहून बॅगा थेट शेवटच्या हॉटेलला पाठवल्या आणि सायकलवर फक्त दोन छोट्या बॅगा ठेवल्या.

५. रूट असा लावा की किल्ला सकाळी येईल

बिवाइची सगळेजण घड्याळाच्या उलट्या दिशेने करतात. जपानमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे उलट्या दिशेने गेलं की तलाव कायम डाव्या हाताला, मध्ये समोरचा ट्रॅफिक नाही, वळणारे फाटेही कमी. रस्त्यावरचे निळे बाणही याच हिशोबाने रंगवलेत. इथपर्यंत ठीक.

आता नकाशा बघा. माइबाराहून उलट्या दिशेने निघालात की तुम्ही उत्तरेला जाता. हिकोने माइबाराच्या दक्षिणेला आहे, जेमतेम सहा-सात किलोमीटर. म्हणजे सुरुवातीच्या ठिकाणापासून इतका जवळ असलेला किल्ला तुम्हाला लागतो कधी, तर अख्खा तलाव फिरून झाल्यावर, शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात. तेव्हा पाय संपलेले असतात, सायकल परत द्यायची वेळ डोक्यावर असते, आणि किल्ला पाचला बंद होतो. आमचंच नाही, त्या संध्याकाळी खिडकीपाशी अजून दोन सायकलवाले होते, जपानीच, तेही तसेच परत फिरले.

उपाय सोपा आहे. दुपारी माइबाराला सायकल घ्या, आणि पहिल्या दिवशी मुद्दाम बाणांच्या विरुद्ध, दक्षिणेला, हिकोनेला जा. अर्ध्या तासाचा रस्ता, सायकल अंगवळणी पडायलाही बरा. रात्री हिकोनेत राहा. सकाळी सायकल हॉटेलवरच ठेवा, चालत किल्ल्यावर जा (स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं), साडेआठला गेट उघडतं तेव्हा आत शिरा, साडेअकरापर्यंत निवांत बघा, जेवा, आणि मग मोहिमेला निघा. आमच्या दुसऱ्या खेपेला आम्ही असंच केलं :

- दिवस ० : माइबारा ते हिकोने, ६-७ किमी
- दिवस १ : सकाळी किल्ला, दुपारी नागाहामावरून किनोमोतोपर्यंत, साधारण ३५ किमी
- दिवस २ : उत्तरेचा डोंगराळ भाग करून पश्चिम काठाला इमाझू, साधारण ४० किमी
- दिवस ३ : पश्चिम काठाने खाली, बिवाको ओहाशी पूल, मग ओमिहाचिमान, ६०-६५ किमी
- दिवस ४ : ओमिहाचिमान ते माइबारा, ३५-४० किमी, जाता जाता खंदकाला पुन्हा एक सलाम

तगडे लोक २०० किमी एका दिवसात मारतात. मारू देत.

६. रस्त्यावर

थोडक्यात सांगतो कारण हे सगळीकडे मिळेल. डावीकडून चालवा. दोघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत चालवणं बेकायदेशीर आहे, एकामागे एक. घंटी पाहिजे, अंधारात लाइट पाहिजे. हेल्मेट एप्रिल २०२३ पासून सगळ्यांनी घालावं असा नियम आहे, दंड नाही, पण घाला. नोव्हेंबर २०२४ पासून चालत्या सायकलवर फोन हातात धरणं आणि बिअर पिऊन चालवणं या दोन्हींना कडक शिक्षा झाल्यात, तुरुंगापर्यंत. नकाशा बघायचा असेल तर हँडलवर माउंट लावा आणि थांबून बघा. फुटपाथवर सायकल फक्त निळा बोर्ड असेल तिथेच.

दोन जागा खरंच सांभाळायच्या. पश्चिम काठाला शिराहिगे देवळाची लाल-केशरी तोरी, म्हणजे प्रवेशाची कमान, थेट तलावाच्या पाण्यात उभी आहे, देऊळ एका बाजूला, तोरी दुसऱ्या बाजूला आणि मधून हायवे १६१, ट्रक सुसाट. फोटोसाठी रस्ता पळत ओलांडू नका, देवळाच्या आवारातूनच छान दिसते. दुसरी जागा म्हणजे उत्तरेचे बोगदे, तिथे दिवसासुद्धा मागचा लाइट चालू.

७. किल्ल्याच्या दिवशी पायात काय

हे वाचून हसाल, पण हाच मुद्दा सगळ्यात जास्त कामाचा आहे. किल्ल्यावर जायला दगडी पायऱ्या आहेत, मुद्दाम कमी-जास्त उंचीच्या, त्यावर सायकलिंगचे क्लीटवाले (तळाला पेडलात अडकणारी पट्टी असलेले) बूट म्हणजे स्वतःहून आमंत्रण. आमच्यातला एक जण "दोन मिनिटांचं तर चढायचंय" म्हणून तसाच आला आणि तिसऱ्या वळणावर खण्णकन आपटला, कोपर फुटलं. साधे बूट किंवा सँडल न्या.

शिवाय तेन्शुमध्ये बूट काढून, पिशवीत घालून, हातात धरून फिरावं लागतं. म्हणजे मोजे अखंड पाहिजेत. भोकं पडलेले मोजे घालून जपानमध्ये जाऊ नका, इथेच नाही, कुठेच. नोव्हेंबरात ती लाकडी जमीन फरशीसारखी गार पडते, जाड मोजे असले तर उत्तम.

किल्ल्यासाठी पाठीवर एक छोटी सॅक पुरे :

- जाड मोजे, साधे बूट
- पाण्याची बाटली आणि रुमाल (संडासात हात पुसायला कागद मिळेलच असं नाही)
- रोख येन, तिकीट साधारण हजार येन, त्यातच गेनक्युएन बाग येते
- कचऱ्यासाठी एक पिशवी, कारण कचराकुंड्या शोधून सापडत नाहीत
- सायकल नेलीच असेल तर कुलूप

सायकल घेऊनच गेलात तर रेलिंगला, झाडाला, खंदकाच्या कठड्याला बांधू नका, उचलून नेतात आणि सोडवायला पैसे लागतात. कुणालाही विचारा, "चुरिंजो वा दोको देसु का?" म्हणजे सायकल पार्किंग कुठे आहे. आम्हाला एका शाळकरी मुलाने स्वतःची सायकल वळवून तिथपर्यंत सोडलं होतं.

८. आता किल्ला

थोडी पार्श्वभूमी. १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, जागा इथून फार लांब नाही. पुढे जपानवर राज्य करणारे तोकुगावा जिंकले, हरलेल्या बाजूचा इशिदा मित्सुनारी याचा सावायामा किल्ला तोकुगावांचा सरदार इइ नाओमासा याला मिळाला. इइंची फौज डोक्यापासून पायापर्यंत लाल चिलखतात लढायची. नाओमासा १६०२ मध्ये वारला, आणि त्याच्या घराण्याने शत्रूच्या जुन्या गडावर नांदण्यापेक्षा शेजारच्या टेकडीवर नवा किल्ला बांधायला घेतला. दगड सावायामाचे, लाकूडकाम आसपासच्या किल्ल्यांतून उचलून आणलेलं, तेन्शु तर मूळ ओत्सूच्या किल्ल्याचा असं सांगतात. सगळं मिळून १६२२ मध्ये पुरं झालं. म्हणजे आपल्या शिवरायांच्या जन्माच्या आठ वर्षं आधी.

तिकिटाच्या आधीच, दोन खंदकांच्या मधे, एक लांबलचक बुटकी इमारत लागते. लोक तिला संडास समजून पुढे जातात. ती घोड्यांची पागा आहे, २१ घोड्यांची, आणि जपानच्या किल्ल्यांत शिल्लक राहिलेली अशी पागा हीच. बघा जरूर.

आत शिरलात की पायऱ्या सुरू. वर चढत तुम्ही एका खोल खिंडीत येता, दोन्हीकडे उंच दगडी भिंती आणि डोक्यावरून एक लाकडी पूल. पहिल्यांदा वाटतं, अरे पूल तर वर आहे, मग आपण इथे खाली काय करतोय? तीच तर गंमत आहे. दरवाज्याला जायला तुम्हाला या पुलाखालून जाऊन, पूर्ण वळसा घालून, मागून वर चढून मग त्या पुलावर यावं लागतं. तोवर दोन्ही बाजूंनी तुमच्यावर मारा. आणि अगदीच वेळ आली तर पूल पाडून टाकायचा. रायगडाच्या महादरवाजात दोन बुरुजांच्या कवेत शेवटपर्यंत दरवाजा दिसत नाही, तीच गोमुखी रचनेची बुद्धी, फक्त इथे ती लाकडात आणि खिंडीत वापरलीय. गड फिरलेल्या माणसाला हे गाईडशिवाय कळतं, मला तिथे उभं राहून एकदम घरच्यासारखं वाटलं.

पुलापलीकडची इमारत म्हणजे तेनबिन यागुरा, तेनबिन म्हणजे तराजू किंवा कावड. मधे दरवाजा आणि दोन टोकांना दोन मनोरे, म्हणून ते नाव. तिथे थांबून खालच्या भिंतीचे दगड बघा. उजवीकडचे ओबडधोबड, नुसते एकात एक रुतवलेले, ते मूळचे. डावीकडचे घडीव, नीट तिरपे बसवलेले, ते १८५४ च्या दुरुस्तीचे. एकाच भिंतीत अडीचशे वर्षांचा फरक, आणि बहुतेक लोक फोटो काढून पुढे जातात.

मग बालेकिल्ला. त्याला ते होनमारु म्हणतात. तीन मजली तेन्शु बाहेरून लहान वाटतो, खरंच लहान आहे, हिमेजी बघून आलेल्यांचा थोडा विरस होतो. जवळ जा. इतक्याशा इमारतीला इतक्या प्रकारच्या कमानी आणि छपरं आहेत की प्रत्येक बाजूने ती वेगळीच दिसते. बूट काढा, आत चला.

जिने. जिने नाहीतच ते, शिड्या आहेत, ६२ अंशांत. पायऱ्या झिजून गुळगुळीत, पायात मोजे, एका हातात बुटांची पिशवी. बुटांची पिशवी मनगटात अडकवा, दोन्ही हात मोकळे ठेवा, आणि उतरताना माळ्यावरून उतरतो तसं तोंड जिन्याकडे करून उतरा. माझ्या पुढे एक सत्तरीच्या जपानी आजी होत्या, त्या खुटखुट करत उतरून गेल्या आणि मागे आम्ही चार सायकलपटू मांड्या थरथरवत कठड्याला लोंबकळत. म्हणून म्हणतो, किल्ला आधी, सायकल मग.

वरच्या मजल्यावर मान वर करून छताकडे बघा. तुळया सरळ नाहीत, झाडं जशी वाकडी वाढली तशीच्या तशी वाकडी खोडं एकमेकांत अडकवून अख्ख्या छपराचा भार पेललाय. मी तिथे पंधरा मिनिटं उभा होतो.

आणि भिंतींत जंग्या शोधा. आतून तिकोनी, चौकोनी खाचा दिसतात, आपल्यासारख्याच. पण बाहेर येऊन त्याच भिंतीकडे बघा, काहीच दिसत नाही, सपाट पांढरा गिलावा. बाहेरून बुजवून ठेवायच्या आणि वेळ आली की आतून गिलावा फोडून बंदूक रोखायची. ती वेळ कधी आलीच नाही, हा किल्ला लढाईत पडला नाही की लढला नाही.

वरून एका बाजूला तलाव आणि दुसऱ्या बाजूला सावायामाची टेकडी दिसते, जिचे दगड तुम्ही आत्ता चढून आलात.

खाली उतरताना आल्या वाटेने येऊ नका, मागच्या कुरोमोन दरवाज्याने उतरा, थेट गेनक्युएन बागेपाशी निघता. १६७७ ची बाग, मधे तळं, आणि तळ्यात वरच्या तेन्शुचं प्रतिबिंब. सकाळी वारा नसतो तेव्हाच ते नीट दिसतं.

मुलं बरोबर असतील तर हिकोन्यानची वेळ किल्ल्याच्या वेबसाइटवर बघून जा. लाल शिंगवालं शिरस्त्राण घातलेलं पांढरं मांजर आहे ते, किल्ल्याच्या ४०० व्या वर्षी काढलेलं. काहीही करत नाही, नुसतं हळूहळू मान हलवतं, आणि शंभर माणसं टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या.

इतिहासाचं वेड असेल तर मधल्या खंदकापाशी उमोरेगिनोया नावाचं साधं घर शोधा. इइ नाओसुके हा घराण्यातला चौदावा मुलगा, गादी मिळायची आशाच नव्हती, त्याने तरुणपणीची पंधरा वर्षं इथे चहा, तलवारबाजी आणि झेन शिकत काढली. पुढे नशीब फिरलं, तो जपानचा सर्वोच्च मंत्री झाला, १८५८ मध्ये अमेरिकेशी व्यापारी करार केला आणि त्याच रागातून १८६० मध्ये एदो (आजचं तोक्यो) किल्ल्याच्या साकुरादा दरवाज्याबाहेर त्याचा खून झाला.

९. शाकाहारींनी काय करायचं

खरं सांगू? त्रास होतो. सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीवरही दाशी म्हणजे माशांचा अर्क असतो आणि त्यांच्या लेखी तो मांसाहार नाहीच. त्यामुळे "निकु नाशी" म्हणजे मांस नको एवढं सांगून भागत नाही. जपानीत लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये ठेवा, त्यात मांस, मासे, दाशी तिन्ही नको असं स्पष्ट पाहिजे. कोन्बिनीत, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या छोट्या दुकानांत, उमेबोशीचा ओनिगिरी (खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा) मिळतो, केळी, शेंगदाणे, सोया दूध मिळतं. आम्ही राजगिरा चिक्की, मेतकूट आणि इन्स्टंट पोहे नेले होते, हॉटेलच्या खोलीत किटली असतेच, मेतकूट-भात खाऊन तलावाकडे बघत बसलो की बरं वाटायचं. भारतातून मांसाचा कुठलाही पदार्थ नेऊ नका, कस्टम्समध्ये अडवतात.

मासे खाणाऱ्यांसाठी इथली खासियत फुनाझुशी, तलावातला मासा मीठ-भातात महिनोन्महिने आंबवलेला. वास आपल्या सुकटीला मागे टाकेल. मी मालवणकडचा असूनही दोन तुकड्यांवर थांबलो.

१०. सायकल परत देताना

माइबाराचं काउंटर बंद व्हायच्या तासभर आधी पोचा, सायकलवर चिखल असेल तर पुसून द्या. ट्रेन आणि सायकल परत करायची वेळ यात किमान दीड तास ठेवा, कारण पेडल घट्ट बसलेलं असतं. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे मी त्या गडबडीत विसरलो, दहा मिनिटं जोर लावून अजून घट्ट केलं आणि शेवटी तिथल्या मुलाने पाना घेऊन एका झटक्यात काढून दिलं. सीट मात्र तिथेच राहिली. क्योतोला पोचल्यावर आठवलं.